पंचनाम्यापासून खात्यापर्यंत : पुणे जिल्ह्यात पीक नुकसानीची सरकारी मदत कशी पदरात पाडायची

जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोच्या एका एकराला रोपे, मल्चिंग, बांबू-तार आणि फवारण्या धरून लाखाच्या घरात खर्च जातो. तोच प्लॉट अतिवृष्टीत गेला, तर आपत्ती मदतीच्या मूळ दराने हातात पडतात सात हजारांच्या आत. शासन निर्णयात या रकमेचे नाव 'निविष्ठा अनुदान' असे आहे. पुढच्या हंगामाचे बियाणे-खत घेता यावे म्हणून, एका हंगामात एकदा, एवढाच तिचा हेतू. त्यामुळे खर्चाच्या पावत्या गोळा करून तहसील कचेरीत नेण्यात अर्थ नाही, त्या कोणी पाहत नाही. पाहिल्या जातात त्या तीन नोंदी: सातबाऱ्यावरचे पीक, पंचनाम्यातले क्षेत्र आणि आधारला जोडलेले बँक खाते. या तिन्ही जुळल्या की पैसे येतात, एकीत खोट निघाली की फाइल पडून राहते. आणि यातल्या दोन नोंदी पाऊस पडायच्या आधीच ठीक करून ठेवायच्या असतात.

दर आणि हिशेब

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर असे: जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकाला १७,००० आणि बहुवार्षिक फळपिकाला २२,५००. मर्यादा दोन हेक्टर, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त हवे. ३० टक्के नुकसानीला ३० टक्के मदत असा प्रकार नाही. ३३ च्या खाली शून्य, वर पूर्ण दर.

राज्य सरकार आपल्या तिजोरीतून या दरांत भर घालते, कधी काढूनही घेते. नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नुकसानीसाठी राज्याने जिरायतीला १३,६००, बागायतीला २७,०००, फळपिकाला ३६,००० रुपये आणि तीन हेक्टरची मर्यादा केली होती. मे २०२५ च्या शासन निर्णयाने पुन्हा मूळ दर आणि दोन हेक्टर आले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या पुरानंतर मर्यादा परत तीन हेक्टरवर गेली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर झाले. म्हणून शेजारच्याला मागच्या वर्षी किती मिळाले यावरून आपला हिशेब मांडू नये. तुमच्या नुकसानीचा महिना ज्या शासन निर्णयात आहे, त्यातलाच दर लागू. हे निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर महसूल व वन विभागाखाली सापडतात. बातमीवर विसंबू नका. बातमीत पॅकेजचा आकडा असतो, सोबतच्या जोडपत्रातले जिल्हानिहाय क्षेत्र नसते.

हिशेब सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरवर होतो. समजा दौंड तालुक्यातल्या एका खातेदाराचा ०.४० हेक्टर कांदा बागायत आहे आणि ०.९० हेक्टर बाजरी जिरायत. मूळ दराने कांद्याचे ६,८०० आणि बाजरीचे ७,६५०, मिळून १४,४५० रुपये. मर्यादा माणशी धरतात, गटनिहाय नाही. तीन गावांत तीन गट असले तरी दोन हेक्टर म्हणजे सगळे मिळून दोन हेक्टर.

ऊस बागायतीत धरला जातो, फळपिकात नाही. पुरंदरचे अंजीर व सीताफळ, इंदापूरचे डाळिंब, जुन्नरची द्राक्षे ही बहुवार्षिक. पॉलिहाऊस, शेडनेट, ठिबकच्या नळ्या, चाळीत साठवलेला कांदा हे पिकाच्या दरात कुठेच बसत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मावळ आणि जुन्नरकडची पॉलिहाऊस उडाली तेव्हा हीच अडचण आली होती. अशा वस्तूंसाठी सरकारने खास निर्णय काढला तरच काही मिळते. खरा आधार स्वतंत्र विम्याचा.

पाऊस यायच्या आधी

ई-पीक पाहणी. म्हणजे मोबाइल ॲपवरून रानातल्या पिकाची सातबाऱ्यावर नोंद. खरिपाची शेतकरी स्तरावरची पाहणी साधारण १ ऑगस्टला सुरू होते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, बहुतेकदा मुदतवाढ मिळते. मुदतवाढीच्या भरवशावर मात्र राहू नका, कारण पाऊस तिची वाट पाहत नाही. पाहणी झाली नसेल आणि पीक वाहून गेले असेल, तर रिकाम्या रानात उभे राहून तिथे काय होते हे सिद्ध करणे अवघड जाते.

ॲपमध्ये पीक टाकताना एक पर्याय फार महाग पडतो: जल सिंचित की अजल सिंचित. घाईत अजल सिंचित दाबले की तुमचा कांदा कागदावर जिरायत होतो आणि रक्कम निम्म्यावर येते. विहीर किंवा बोअर असेल तर सिंचनाचे साधन तिथेच निवडा. विहिरीची सातबाऱ्यावर नोंदच नसेल तर तलाठ्याकडे आधी ती करून घ्या. ॲपला फोटो शेतात उभे राहूनच हवा असतो, घरून काढलेला चालत नाही. भोर-राजगडच्या डोंगरी भागात रेंज नसली तर शेतात माहिती भरून फोटो घ्या आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा. चूक लक्षात आली तर ४८ तासांत स्वतः दुरुस्त करता येते. आंतरपीक असेल तर मिश्र पीक म्हणून दोन्ही टाका.

उन्हाळी हंगामाची पाहणी बहुतेक जण सोडूनच देतात. मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात बारामती, दौंड आणि इंदापुरात पाऊस कोसळला, बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला. अशा वेळी रानात उभी असलेली बाजरी, भुईमूग, भाजीपाला यांची सातबाऱ्यावर नोंद आहे की नाही, यावरच गाडी अडते.

फार्मर आयडी. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक १५ जुलै २०२५ पासून आपत्तीच्या मदतीसाठी सक्तीचा झाला. तो काढला म्हणून काम संपले असे समजू नका. काढताना सगळे गट जोडले गेले का, हे पाहा. घराजवळचे गट जोडले जातात आणि दुसऱ्या गावातली किंवा दुसऱ्या तालुक्यातली वडिलोपार्जित दोन तुकडे जमीन राहून जाते. राहिलेला गट नंतर आपले सरकार सेवा केंद्रातून जोडता येतो.

बँक खाते. मदत थेट आधारवर येते. तुम्ही पासबुक कोणते दिले याला फारसा अर्थ नाही. आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याला जोडला, त्या खात्यात पैसे पडतात. अनेकांना ते खाते आठवतही नाही. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा गॅस अनुदानासाठी कधीतरी उघडलेले असते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये बँकेचे नाव दिसते. तिथे जिल्हा बँक दिसते की दुसरी कुठली, हे पाहून घ्या आणि त्या खात्यावर वर्षातून एखादा व्यवहार करत राहा. व्यवहार नसलेले खाते बँक गोठवते आणि रक्कम माघारी जाते.

वारस नोंद. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव असेल आणि ते हयात नसतील, तर मदत कोणालाच मिळत नाही. नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर करता येतो. फेरफारावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. पाणी शिरल्यावर हे सुरू केले तर त्या हंगामाची यादी हातातून गेलीच म्हणायची.

नुकसान झाल्यानंतरचे दोन-तीन दिवस

अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (काही गावे मिळून होणाऱ्या महसुली विभागात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. हा पाऊस तुमच्या शेतातला धरत नाहीत, मंडळाच्या पर्जन्यमापकावरचा धरतात. मावळ, मुळशी किंवा आंबेगावच्या पश्चिम भागात एका खोऱ्यात ढग फुटतो आणि मंडळाच्या यंत्रावर ४० मिलिमीटरची नोंद होते, असे नेहमीचेच. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा आकडा मिळतो. तो आधी पाहा. आकडा कमी असेल, पण ओढ्याचे किंवा नदीचे पाणी रानात शिरले असेल, तर अर्जात कारण 'पूर' असेच लिहा. गारा पडल्या असतील तर 'गारपीट', हंगामाबाहेरचा असेल तर 'अवेळी पाऊस'. २०२३ पासून 'सततचा पाऊस' हेही राज्याने आपत्ती म्हणून मान्य केले आहे. रोज थोडा थोडा पडून सोयाबीन जागेवर सडले असेल तर हे कारण कामाचे. 'पावसाने नुकसान' एवढेच मोघम लिहिलेला अर्ज कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पंचनाम्याचा आदेश वरून येतो, त्यासाठी शेतकऱ्याने अर्ज करायलाच हवा असे नाही. तरीही करा. साधा कागद पुरतो: नाव, गाव, गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, नुकसानीची तारीख, कारण, मोबाइल. दोन प्रती करा, एकीवर तलाठी किंवा तहसील कचेरीच्या आवक विभागाचा शिक्का घ्या. पुढे कधी 'तुमची तक्रारच नव्हती' असे ऐकावे लागले तर तेवढा शिक्काच उपयोगी पडतो.

फोटो तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटणाऱ्या कॅमेरा ॲपने काढा. एक फोटो बांधावरून अख्ख्या रानाचा, ज्यात विहीर, झाड, विजेचा खांब असे काही कायमचे दिसेल. दुसरा जवळून, पिकाचा. तिसरा शेजारच्या गटाची हद्द दिसेल असा. पंचनामा होईपर्यंत रोटाव्हेटर फिरवू नका. आडवा झालेला भात किंवा बाजरी काढलीच पाहिजे अशी वेळ आली, तर कोपऱ्यात दोन-तीन गुंठे तसेच सोडा आणि कृषी सहायकांना फोन करून कळवा.

पंचनाम्याच्या दिवशी

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघांचे संयुक्त पथक येते. कागदोपत्री आता ते ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी झाले आहेत, गावात मात्र जुन्याच नावांनी हाक मारतात. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावे असतात, त्यामुळे पथक प्रत्येक बांधावर जाईलच असे नाही. चावडीत किंवा देवळाच्या पारावर बसून यादी भरली जाते. हे बरोबर नाही, पण होते. म्हणून त्या दिवशी गावात थांबा. आपल्या नावापुढे काय लिहिले जाते हे उभे राहून पाहा.

पाहायच्या गोष्टी चार. गट क्रमांक आणि पोटहिस्सा. पिकाचे नाव. बाधित क्षेत्र: इथे एकर-गुंठ्यांची आणि हेक्टर-आरची सरमिसळ होते. ४० गुंठ्यांचा एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर, एक हेक्टर नव्हे. दीड एकर ०.६० हेक्टर होतो, आणि कोणी ०.१५ लिहिले तर तुमचे तीन चतुर्थांश पैसे तिथेच गेले. चौथी, जिरायत की बागायत. सही करण्याआधी हे वाचा आणि पानाचा मोबाइलने फोटो घ्या. कोणी नको म्हटले तरी नम्रपणे आग्रह धरा. पंचनामा तुमच्याच शेताचा आहे.

काही पिकांचे नुकसान त्या दिवशी दिसतच नाही. छाटणीनंतर फुलोऱ्यात आलेल्या द्राक्षबागेत पावसाने घडकूज आणि गळ होते, ती आठवडाभराने कळते. टोमॅटोची फुलगळही तशीच. पथक लवकर आले असेल तर 'नुकसान वाढत आहे, फेरपाहणी व्हावी' असा शेरा लिहून घ्या आणि आठ दिवसांनी नव्या फोटोंसह दुसरा अर्ज द्या. डाळिंबावर पावसानंतर आलेला तेल्या मात्र रोग म्हणून बाजूला काढला जातो. तिथे फळगळ आणि साचलेले पाणी यांचे फोटो जास्त बोलके ठरतात.

वाट्याने किंवा खंडाने करणाऱ्याची पंचाईत वेगळी. मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते, कसणाऱ्याला नाही. मालकाशी आधीच लेखी ठरवून ठेवणे एवढाच उपाय. उजनीच्या फुगवट्यालगत इंदापूर-दौंडकडे संपादित जमिनीवर गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरणी, करणाऱ्यांचीही हीच गत. सातबाऱ्यावर नाव त्यांचे नसते, म्हणून यादीतही येत नाही.

सामाईक सातबारा असेल तर दोन वाटा. प्रत्येकाचा हिस्सा वेगळा लिहून प्रत्येकाच्या खात्यात रक्कम, किंवा बाकीच्यांचे संमतीपत्र देऊन एकाच्या खात्यात. भाऊबंदकी असेल तर पहिली वाट धरा. संमतीसाठी एक जण अडून बसला की सगळ्यांचे पैसे अडतात.

यादी, विशिष्ट क्रमांक आणि ई-केवायसी

पंचनामे तहसीलदारांकडे जमतात, तिथून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि मंत्रालय असा प्रवास करतात. निधीचा शासन निर्णय निघाला की तहसील कचेरी लाभार्थ्यांची यादी पोर्टलवर चढवते. याला महिने लागतात. मधल्या काळात कचेरीत खेटे घालून काही हलत नाही. त्यापेक्षा तलाठ्याकडे एकदाच चौकशी करा: माझे नाव अपलोड झाले का, आणि आधार क्रमांक बरोबर आहे का.

यादी ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर लागते. प्रत्येक नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो, लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो, आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन ई-केवायसीसाठी, म्हणजे आधारवर ओळख पटवण्यासाठी, आपले सरकार सेवा केंद्रात जायचे. पडद्यावर नाव, गट, क्षेत्र, रक्कम दिसते. ठसा किंवा ओटीपी देण्याआधी ते वाचा. माहिती चुकीची असेल तर मान्य न करता तिथल्या तिथे तक्रार नोंदवता येते, ती तहसीलदारांच्या लॉगिनला जाते. एकदा मान्य केलेले नंतर बदलून घेणे फार जड. ज्येष्ठांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा ओटीपी हाच मार्ग, म्हणून आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा. २०२५ च्या खरिपात फार्मर आयडी असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली. आयडी असूनही यादीत व्हीके नंबर आला असेल, तर सेवा केंद्रात तपासून घेतलेले बरे.

व्हॉट्सॲपवर 'मदतीचा फॉर्म भरा' म्हणून येणारी लिंक किंवा ॲपची फाइल उघडू नका. असा कुठलाही फॉर्म नसतो.

पैसे आले नाहीत तर

पोर्टलवर विशिष्ट क्रमांक टाकून पेमेंटची स्थिती पाहा, सेवा केंद्रवाला दोन मिनिटांत दाखवतो. आधार जोडलेला नाही किंवा खाते बंद असे कारण असेल तर तहसीलचा संबंध नाही, बँकेत जा, आधार जोडणीचा अर्ज द्या आणि मग तलाठ्याला कळवा, म्हणजे पुढच्या फेरीत रक्कम पुन्हा पाठवली जाते. ई-केवायसी प्रलंबित असेल तर ती करा. 'डुप्लिकेट' असा शेरा असेल तर बहुधा दोन गावांत एकच आधार दोनदा चढलेला असतो, आणि दोन्ही तलाठ्यांकडून खुलासा लागतो. यादीतच नाव नसेल तर तहसीलदारांना अर्ज, सोबत पोच असलेली पहिली प्रत, फोटो, सातबारा आणि आठ-अ.

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात आपल्या गटाच्या पंचनाम्याची प्रत मागा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, मुदत ३० दिवस. 'माझे पैसे का आले नाहीत' असे विचारू नका, त्याचे उत्तर द्यायला ते बांधील नसतात. 'अमुक गावच्या अमुक गटाच्या पंचनाम्याची व बाधित शेतकऱ्यांच्या यादीची छायांकित प्रत' असे मागा. बहुतेक प्रकरणांत प्रत तयार करतानाच चूक कचेरीच्या ध्यानात येते. त्यानेही भागले नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो.

रक्कम आली आणि बँकेने ती पीककर्जात वळती करून घेतली, असेही घडते. मदतीच्या शासन निर्णयांत या रकमेतून कर्जाची वसुली करू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. त्या कलमाखाली रेघ मारून निर्णयाची प्रत जोडा आणि शाखाधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या, एक प्रत तहसीलदारांना.

जनावर, गोठा, जमीन

दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. कोंबडीला १०० रुपये, पण कुटुंबाला जास्तीत जास्त १०,०००. मोठी दुभती जनावरे तीनपर्यंत. पंचनाम्याबरोबर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा शवविच्छेदन अहवाल लागतो, म्हणून त्याआधी जनावर पुरू नका. कानातला बारा अंकी टॅग नसेल तर जून २०२४ पासून दावा टिकत नाही. पुरात वाहून गेलेल्या जनावराचा टॅग क्रमांकही कुठेतरी लिहिलेला हवा, नाहीतर ते तुमचेच होते हे कसे दाखवणार? घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३,००० मिळतात. शिरूर, जुन्नर, आंबेगावात बिबट्याने जनावर मारले तर ती आपत्ती मदत नव्हे. वनविभागाला ४८ तासांत कळवायचे, त्यांचा पंचनामा आणि पैसा वेगळा.

रानात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८,००० रुपये. दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमीनच गेली तर अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,०००. पिकाच्या पंचनाम्यात हे आपोआप येत नाही, वेगळ्या रकान्यात लिहून घ्यावे लागते. गाळाची जाडी टेप धरून मोजा आणि टेपसकट फोटो काढा.

पीकविमा या सगळ्याहून निराळा, तो मिळाला म्हणून ही मदत बुडत नाही. पण खरीप २०२५ पासून राज्यात विम्याची भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या (निवडक रानांतले पीक कापून केलेल्या मोजणीच्या) उत्पन्नावर ठरू लागली आणि ७२ तासांत सूचना देऊन एकट्या शेताची भरपाई घेण्याची जुनी सोय काढून टाकली गेली. पुढच्या हंगामाच्या अटी विमा भरतानाच विचारून घ्या, त्यासाठी १४४४७ हा टोल फ्री क्रमांक आहे.